केळीचा मर रोग आणि उपकारक जिवाणू: खर्च नेमका कधी करावा?

खालची पाने पिवळी पडून देठाशी मोडायला लागली, दुकानातून जिवाणूंची बाटली आणली, ठिबकमधून सोडली आणि तरीही झाड गेले. मग हे जिवाणू खरेच काही करतात का? केळी उत्पादक हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, आणि तो रास्त आहे. हे जिवाणू झाडाच्या मुळांत आणि कंदात बुरशीच्या आधी जाऊन बसले तर उपयोगी पडतात; बुरशी आत शिरल्यावर दिले तर जवळजवळ निरुपयोगी ठरतात. म्हणजे खर्च करायचा तो रोपवाटिकेत आणि लागवडीच्या खड्ड्यापाशी. आपल्याकडे मात्र बहुतेकांचा पैसा पिवळ्या पानांवर जातो. हा क्रम का बदलायला हवा आणि तो कसा बदलता येईल, हे पुढे टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी खात्री करा: हा मर रोगच आहे का?

केळीची पाने पिवळी पडण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर या जिवाणूंचा उपयोग नाही. मर रोग, म्हणजेच पनामा रोग, फ्युजेरियम या जमिनीतल्या बुरशीमुळे होतो. बुरशी मुळांतून कंदात आणि तिथून खोडाच्या रसवाहिन्यांत चढते. जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या होतात, पिवळेपणा मध्यशिरेकडे सरकतो, देठ बुंध्याशी मोडतात आणि वाळलेली पाने खोडाभोवती लोंबत राहतात. काही झाडांचे खोड बुडाशी उभे चिरते. पण एवढ्यावर निदान करू नका. संशयित झाडाचे खोड जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवे कापा आणि कापलेल्या तोंडाकडे उन्हात नीट पाहा. निरोगी खोडाच्या पापुद्र्यांचा छेद पांढरट आणि ओलसर दिसतो. रोगट खोडात बाहेरच्या पापुद्र्यांमध्ये तांबूस-तपकिरी ठिपके दिसतात, आणि तेच खोड उभे चिरले तर त्या ठिपक्यांच्या जागी वरपर्यंत गेलेल्या रेघा सापडतात. कंद कापल्यास पिवळसर ते तांबड्या ठिपक्यांचे कडे दिसते. या लक्षणांशी गल्लत होणारे प्रकार असे:

- कंदकूज: कंद मऊ पडतो, घाण वास येतो आणि झाड ओढले की कंदाच्या मानेशी तुटते. नव्या लागवडीत हा प्रकार अधिक आढळतो. तो रोगकारक जिवाणूंमुळे होतो.
- हरण्या: कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे दिसतात. हा मावा किडीमार्फत पसरणारा विषाणू आहे.
- सूत्रकृमी: मुळांवर काळे चट्टे किंवा गाठी येतात, झाड वाऱ्याने उन्मळते, खोडात मात्र तपकिरी रेघा नसतात.
- पालाशची कमतरता: जुनी पाने टोकाकडून नारिंगी-पिवळी होतात, पण आतून खोड स्वच्छ असते.

आपण कोणती केळी लावता यावरही पुढचा निर्णय अवलंबून आहे. वसई आणि कोकणातली सफेद वेलची या रोगाच्या जुन्या प्रकाराला बळी पडते. खानदेशातील ग्रँड नैन, श्रीमंती, बसराई ही कॅव्हेंडिश गटातली वाणे त्या जुन्या प्रकाराला दाद देत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर ‘ग्रो मिशेल’ वाणाच्या बागा याच रोगाने उद्ध्वस्त झाल्या तेव्हा जगाचा निर्यात व्यापार कॅव्हेंडिशकडे वळला, तो याच कारणाने. पण ‘टीआर-४’ नावाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. २०१९ मध्ये तो कोलंबियात पोहोचला. भारतात बिहारमधील कटिहार-पूर्णिया आणि उत्तर प्रदेशातील अयोध्या परिसर यांच्याबरोबरच गुजरातमधील सुरत आणि मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर या भागांतूनही त्याची नोंद झाली आहे. बऱ्हाणपूर आणि रावेर यांच्या शिवा लागून आहेत, तेव्हा खानदेशाला हा दूरचा धोका मानता येणार नाही. टीआर-४ आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतील रेणवीय चाचणीच लागते. संशय आल्यास रोगट झाडाचे तुकडे पिशवीत घालून गावोगाव नेऊ नका. आधी कृषी विज्ञान केंद्राला किंवा जळगाव, नांदेड येथील केळी संशोधन केंद्राला फोन करा आणि नमुना कसा द्यायचा ते विचारा.

जिवाणू काय करू शकतात आणि काय नाही

निरोगी केळीच्या मुळांत, कंदात आणि खोडात झाडाला अपाय न करता राहणारे अनेक जिवाणू असतात. त्यांत बॅसिलस आणि स्यूडोमोनास या गटांतले काही जिवाणू फ्युजेरियमला अडवतात. ते बुरशीला मारक द्रव्ये सोडतात, तिला लागणारे लोह आधीच पकडून ठेवतात आणि झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी करतात. या तिन्ही गोष्टींना वेळ लागतो. जिवाणूंची संख्या वाढावी लागते, त्यांना मुळांच्या आत जागा मिळावी लागते आणि झाडाने प्रतिसाद द्यावा लागतो. उलट बाजूला, मर रोगाचे पहिले पिवळे पान दिसते तेव्हा बुरशी मुळांतून शिरून बराच काळ लोटलेला असतो आणि कंदातल्या रसवाहिन्या तुंबलेल्या असतात. तुंबलेली रसवाहिनी कोणताही जिवाणू मोकळी करू शकत नाही. रोगट झाडाच्या आळ्यात ओतलेली बाटली वाया जाते ती यामुळे.

उतिसंवर्धित रोपांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. प्रयोगशाळेत ही रोपे निर्जंतुक वातावरणात वाढतात. त्यामुळे मर, सूत्रकृमी यांपासून ती मुक्त असतात, हा मोठाच लाभ आहे. पण मातृवृक्षाच्या आत राहणारे उपकारक जिवाणूही त्या प्रक्रियेत बहुतांशी निघून जातात. रोप शेतात जाते तेव्हा त्याची मुळे जवळजवळ रिकामी असतात आणि जमिनीत बुरशी असेल तर तिला मोकळी वाट मिळते. चीनमधील संशोधकांनी केळीच्या झाडांतूनच काढलेले सूक्ष्मजीव उतिसंवर्धित रोपांत परत घातले, तेव्हा ती रोपे मर रोगाला कमी बळी पडली. जागा रिकामी आहे आणि बुरशी अजून आलेली नाही, असा काळ म्हणजे रोप पिशवीत असण्याचे काही आठवडे. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपचार तिथेच होतो.

पुरावा किती भक्कम आहे?

काचेच्या बशीत जिवाणूने बुरशीला रोखले, असा फोटो माहितीपत्रकावर छापलेला असतो. त्यावर निर्णय घेऊ नका. बशीत माती नसते, ऊन नसते, मुळे नसतात. पाहायचा तो शेतातल्या प्रयोगांचा पुरावा. केळीच्या मर रोगावरील जैविक नियंत्रणाचा मोठा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्यूडोमोनासच्या काही प्रजातींनी कमाल ७९ टक्क्यांपर्यंत, तर झाडात राहणाऱ्या काही सूक्ष्मजीवांनी आणि ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीने कमाल ७० टक्क्यांपर्यंत रोग कमी केल्याचे नोंदले आहे. बॅसिलसचे आकडे ४२ ते ५५ टक्क्यांच्या आसपास आहेत. तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी झाडाच्या आतले आणि मुळांभोवतीचे जिवाणू एकत्र वापरून शेतात मर रोग कमी करून दाखवला आहे.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, हे ‘कमाल’ आकडे आहेत. म्हणजे चांगल्यात चांगल्या प्रयोगात एवढे जमले. दुसरी, ५० टक्के नियंत्रण म्हणजे निम्मी बाग वाचली असे नव्हे. उपचार न करता १०० पैकी ४० झाडे मरणार असतील, तर ५० टक्के नियंत्रणाने २० मरतील. रोग अजून तुरळक असलेल्या बागेत हा फरक मोठा आहे. पण जमिनीत बुरशी मुरलेली असेल आणि १०० पैकी ८० झाडे जाणार असतील, तर ४० झाडे वाचवूनही आपण तोट्यातच राहाल. तिथे जिवाणूंपेक्षा पीक बदलणे हाच शहाणपणाचा निर्णय. या बुरशीचे टणक बीजाणू जमिनीत दशकानुदशके टिकतात. त्यामुळे एखाद्या वर्षाच्या फेरपालटाने जमीन स्वच्छ झाली असे समजू नका.

रोपवाटिकेत काय मागावे

रोपे आगाऊ नोंदवताना भावाबरोबर पुढील गोष्टीही ठरवून घ्या आणि शक्य असेल तर पावतीवर लिहून घ्या:

- रोपे राष्ट्रीय प्रमाणन पद्धतीखालील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची आहेत का? हे प्रमाणपत्र विषाणूमुक्ती आणि वाणाची शुद्धता सांगते. पिशवीतल्या मातीत फ्युजेरियम नाही, याची हमी ते देत नाही.
- दुसऱ्या टप्प्यातील हार्डनिंगसाठी माती कुठून आणली? केळीच्या जुन्या शेतातली माती असेल तर ती रोपे घेऊ नका. रोग लांबच्या तालुक्यात पोहोचण्याचा हा एक नेहमीचा मार्ग आहे.
- हार्डनिंगच्या काळात स्यूडोमोनास किंवा बॅसिलसचे ड्रेंचिंग केले का, कोणत्या उत्पादनाचे आणि कधी?

रोपवाटिका हे करत नसेल तर रोपे शेतावर आणून सावलीत ठेवा आणि लागवडीआधी चार-पाच दिवस स्वतः प्रत्येक पिशवीत लेबलवरील प्रमाणाने द्रावण ओता. जिवाणूंना मुळांत जम बसवायला तेवढी सवड मिळते.

लागवड आणि त्यानंतर

जळगावकडे रूढ असलेल्या १.५ बाय १.५ मीटर अंतरावर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २.५ किलो स्यूडोमोनास शेणखत व निंबोळी पेंडीबरोबर देण्याची आहे. भागाकार केला तर झाडामागे अर्ध्या ग्रॅमच्या थोडे वर पडते. एवढीशी मात्रा सबंध शेतावर फेकली तर ती मुळांपर्यंत पोहोचणारच नाही. म्हणून ती रोपाच्या मुळाशीच पडली पाहिजे:

1. चांगले कुजलेले शेणखत सावलीत घ्या, त्यात निंबोळी पेंड आणि जिवाणू मिसळा, हाताने मूठ वळेल इतपत ओल ठेवा आणि आठवडाभर गोणपाटाने झाका. ताजे, गरम शेण वापरू नका. त्या उष्णतेत जिवाणू मरतात.
2. हे मिश्रण खड्ड्यात, रोपाच्या मुळांना लागेल असे द्या.
3. कंद लावत असाल तर मुळे आणि बाहेरची साल तासून काढा. आत तांबूस ठिपका दिसला तर तो कंद वापरूच नका. स्वच्छ कंद जिवाणूंच्या दाट द्रावणात बुडवून सावलीत सुकवा आणि मग लावा.
4. लागवडीनंतर दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या महिन्यात पुन्हा मात्रा द्या. त्याच विद्यापीठाच्या शिफारशीत कंदाला ४५ अंशांत १० सेंटीमीटर खोल छिद्र पाडून स्यूडोमोनासची ५० ते ६० मिलिग्रॅमची कॅप्सूल बसवण्याची पद्धत आहे. मोठ्या बागेत ती मजुरीला परवडत नाही. तिथे मुळाशी ओतणे हाच व्यवहार्य पर्याय.
5. पीलबाग ठेवणार असाल तर पिलाला वेगळी मात्रा द्या. आईझाडातून काही जिवाणू पिलात जातात, पण त्यांच्या संख्येवर विसंबता येत नाही.

ठिबकमधून देणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. भुकटीच्या स्वरूपातील बहुतेक उत्पादने शंखजिऱ्याच्या पुडीत असतात. ती पाण्यात विरघळत नाही आणि ड्रिपर तुंबवते. ठिबकसाठी द्रवरूप उत्पादनच घ्या, आणि नळ्या साफ करायला ॲसिड किंवा क्लोरीन सोडले असेल तर स्वच्छ पाणी भरपूर सोडून मगच जिवाणू द्या.

कोणते उत्पादन घ्यावे

खानदेशात उन्हाळी पारा ४४ अंशांपुढे जातो, त्यामुळे निवडीत उष्णतेचा विचार पहिला करावा लागतो. बॅसिलस टणक बीजाणू तयार करतो आणि उष्णता, वाहतूक, साठवण सोसतो. स्यूडोमोनास बीजाणू तयार करत नाही. पत्र्याच्या गोदामात मे महिना काढलेली त्याची पिशवी लेबलवर काही छापलेले असले तरी बहुधा निर्जीव असते. शेतातल्या प्रयोगांत स्यूडोमोनासचे आकडे वरचढ आहेत हे खरे, पण ते जिवंत स्यूडोमोनासचे आकडे आहेत. म्हणून जून-जुलैच्या मृगबागेसाठी उन्हाळाभर पडून असलेला माल घेण्याऐवजी बॅसिलस घ्यावा. ऑक्टोबरच्या कांदेबागेसाठी ताजा स्यूडोमोनास मिळत असेल तर तो घ्यावा, असे माझे मत आहे. लेबलवर एवढे तपासा:

- केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक आणि उत्पादन परवाना क्रमांक
- जिवाणूचे पूर्ण नाव व प्रजाती. नुसते ‘उपयुक्त जिवाणू’ असे लिहिलेले नको
- प्रति ग्रॅम किंवा मिलिलिटर जिवंत जिवाणूंची संख्या. ती किमान १० कोटी असावी
- बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि वापराची अंतिम तारीख

‘जैव-उत्तेजक’ म्हणून विकलेले उत्पादन वेगळ्या कायद्याखाली येते. २०२१ पासून ही उत्पादने खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आहेत. रोग बरा करण्याचा दावा त्यांच्यासाठी नाही. दुकानदार तोंडी तसे सांगत असेल तर तेच पावतीवर लिहून मागा.

दिलेले जिवाणू मारू नका

जिवाणू दिल्यावर आठ दिवसांत कॉपर ऑक्सिक्लोराइडचे ड्रेंचिंग करणे ही सर्रास होणारी चूक. तांबे जिवाणूंनाही मारते, प्रतिजैविके तर मारतातच. कंदकुजीसाठी दिलेले ब्लीचिंग पावडरचे पाणीही तेच करते. अशा औषधाची गरज पडली तर आधी ते द्या, दोन आठवडे थांबा आणि मग जिवाणू द्या. कार्बेन्डाझिम बुरशीनाशक असल्याने या जिवाणूंना त्याचा फारसा त्रास होत नाही. ट्रायकोडर्मा मात्र बुरशी असल्याने त्याने मरतो. रासायनिक खतांच्या द्रावणात जिवाणू मिसळू नका. नत्र अमोनियम स्वरूपात जास्त गेले आणि जमीन आम्ल असली तर फ्युजेरियमला फावते. कोकणातल्या आम्ल जमिनीत चुना देणे म्हणून महत्त्वाचे. खानदेशातल्या विम्लधर्मी जमिनीत त्याची गरज नाही.

काही रास्त आक्षेप

बुरशीनाशक स्वस्त असताना जिवाणूंची उठाठेव कशाला, असे विचारले जाते. रसवाहिन्यांत शिरलेल्या फ्युजेरियमला आज बाजारातले कोणतेही बुरशीनाशक बरे करत नाही, आणि टीआर-४ ला तर नाहीच. म्हणजे तुलना स्वस्त औषध आणि महाग औषध अशी नाही. प्रतिबंध करायचा की काहीच करायचे नाही, अशी आहे.

दुसरा आक्षेप असा की शेजाऱ्याने वापरले आणि काही फरक पडला नाही. हे अगदी शक्य आहे. उशीर झाला असेल, माल मेलेला असेल किंवा त्या जमिनीला तो जिवाणू मानवला नसेल. एका ठिकाणी चाललेला जिवाणू दुसऱ्या मातीत चालेलच असे नाही, ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे आणि विक्रेते ती सांगत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी सगळ्या बागेवर प्रयोग करू नका. काही ओळी उपचाराशिवाय ठेवा आणि दोन्हीकडची मेलेली झाडे मोजून वहीत लिहा. आपल्या मातीचा पुरावा त्यातून मिळेल.

गूळपाण्यात घरीच जिवाणू वाढवून खर्च वाचवावा, असेही सुचवले जाते. शेणखतात मिसळून मुरवणे ठीक, पण उघड्या ड्रममध्ये गुळावर जे वाढते त्यात आपला जिवाणू किती आणि हवेतले इतर किती, हे सांगता येत नाही. रोगाविरुद्ध वापरायचा माल असा बनवू नका.

करप्यासाठी हेच जिवाणू चालतील का?

करपा म्हणजे सिगाटोका हा पानांवरचा रोग. बॅसिलसच्या फवारण्यांचा त्यावर काही उपयोग होतो, पण पानाच्या पृष्ठभागावर उन्हात आणि पावसात जिवाणू फार टिकत नाहीत. रोगट पाने कापून बागेबाहेर काढणे, पाण्याचा निचरा आणि शिफारशीत खनिज तेलासह बुरशीनाशक हाच इथला कणा. तेच ते बुरशीनाशक पुन्हा पुन्हा फवारून बुरशी निर्ढावू नये म्हणून मधली एखादी फवारणी बॅसिलसची घेणे योग्य.

मेलेल्या झाडाचे काय करावे

मर रोगाने गेलेले झाड उपटून शेतातून ओढत नेऊ नका. मुळांना चिकटलेल्या मातीबरोबर बुरशी सगळीकडे जाते. कृषी विभागाच्या सल्ल्याने ते जागेवरच नष्ट करा, भोवतीची जागा वेगळी करा आणि त्या आळ्यातले पाणी पुढच्या ओळीत जाऊ देऊ नका. विळे, कुदळी, बूट आणि ट्रॅक्टरची चाके आधी माती काढून धुवा, मग निर्जंतुक करा. घड तोडणीची टोळी एका दिवसात अनेक बागांत फिरते. तिच्या विळ्यांसाठी बांधावर जंतुनाशकाची बादली ठेवा.

फसवणूक झाल्यास आपले हक्क

जैविक कीडनाशके व रोगनाशके कीटकनाशक कायदा, १९६८ खाली येतात. विनानोंदणी किंवा मुदतबाह्य माल विकल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. निरीक्षक नमुना घेऊन तपासणीला पाठवू शकतो. भरपाई हवी असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आपण राहता त्या जिल्ह्यात करता येते, आणि मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

अशा प्रकरणात आयोग वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करवून घेऊ शकतो, पण तपासायला वस्तू तर हवी. म्हणून खरेदीच्या वेळी त्याच बॅचची एक पिशवी न फोडता थंड जागी बाजूला ठेवा. पक्की पावती, लेबलचा फोटो, मात्रा दिल्याच्या तारखा आणि मेलेल्या झाडांची ओळवार नोंद त्याच वहीत ठेवा. हवामानावर आधारित फळपीक विम्यातून या नुकसानीची भरपाई मिळेल असे धरून चालू नका. ती योजना तापमान, वेगाचा वारा, गारपीट अशा हवामानाच्या निकषांवर पैसे देते, मर रोगावर नाही.